सहा जानेवारीचा आकडा

तुम्ही आकडा खाल्लात.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. वकिलाचं एक पत्र घरात येऊन पडलंय, दुसरं नको. पण तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. आमच्या दरीत कोण काय लिहितं यावर तुमची बारीक नजर असते. तेवढी नजर उतारावर ठेवली असतीत तर माझे बाबा आज घरात असते.

बाकीच्यांसाठी सांगते. हे घडलेलं आहे. मी गोष्टी रचणारी बाई नाही. ऑटी म्हणतात मला. स्की भाड्याने देते, त्यांना धार लावते, मेण लावते. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. भुतं म्हणे रात्री दिसतात. माझ्या वाट्याला जे आलं ते सकाळी सात वाजता आलं, कॉफी पिऊन झाल्यावर, चांगली जागी असताना.

जागा सांगते. ऑस्ट्रियाचं पश्चिम टोक. गावाच्या वर, रोपवेच्या मधल्या स्टेशनामागचं कुरण. तिथे एक लाकडी खोपटं आहे आणि त्याच्यामागे एक पांढरी फळी असायची.

तारीख सहा जानेवारी. तीन राजांचा सण.

माझे बाबा, कास्पार, यांनी त्या कुरणावर एकतीस वर्षं बर्फ मोजला. तुमच्या रोपवे कंपनीसाठी. फळी बर्फावर आडवी ठेवलेली असायची. रोज सकाळी सातला बाबा तिच्यावर काठी उभी धरायचे आणि रात्रीत जिथवर बर्फ चढला असेल तिथे काठीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायचे. चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून आकडा तिथे वाचायचे नाहीत. काठी खोपटाच्या दाराशी न्यायची, दिव्याखाली वाचायची, वहीत लिहायचं. मग फळी हाताने पुसायची आणि पुन्हा बर्फावर ठेवायची. उघड्या हाताने.

"हातमोजा कण मागे ठेवतो," म्हणायचे. "आजचा कण उद्याच्या आकड्यात जातो."

पुसून झालं की फळीच्या कडेवर एक थाप मारायचे. मग तुम्हाला फोन. मग मला.

मला का? कारण मी स्कीवाल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर तो आकडा टाकायचे. म्युनिकपासून रॉटरडॅमपर्यंतची चार हजार माणसं त्या पानावर आहेत. सकाळी उठून त्यांना एकच विचारायचं असतं, कुठे पडला आणि किती पडला. कोणी गॅलरीच्या कठड्याचा फोटो टाकतो, कोणी गाडीच्या टपाचा, कोणी बर्फात बिअरची बाटली रोवून दाखवतो. आमच्या डोंगराचं मात्र सगळे बाबांवर सोडायचे. कारण बाबा अठरा सेंटीमीटर म्हणाले की तुमच्या जाहिरातीत चाळीस यायचे.

रोपवेचा मिस्त्री एगोन, माझ्याच वर्गातला, बाबांना चिडवायचा. "कास्पारकाका, तुमची काठी रडकी आहे. साहेब म्हणतात हसरी काठी आणा."

"काठी कंपनीची आहे," बाबा म्हणायचे. "मीही कंपनीचाच. बर्फ तेवढा कंपनीचा नाही."

पानावर वाऊटर नावाचा एक डच माणूस होता. त्याने नियमच करून टाकला होता. कंपनीचा आकडा भागिले दोन. तीस म्हणजे पंधरा, साठ म्हणजे तीस, आणि 'विक्रमी' म्हणजे पाऊस. सगळे हसायचे. मीही. ज्या दिवशी बाबांचा आकडा पानावर आला नाही, त्या दिवशी चार हजार माणसं तुमचा आकडा निम्मा करायची.

हे लक्षात ठेवा.

येत्या सहा तारखेला दोन वर्षं होतील. आदल्या रात्री वारा आणि बर्फ दोन्ही थांबले नव्हते. सकाळी दुकानात रांग दारापर्यंत. मी एका जर्मन माणसाच्या पायात बूट कोंबत होते आणि तो सांगत होता की त्याची बोटं आत मावत नाहीत आणि त्यात दोष माझाच.

सात बाराला खिशात फोन वाजला. बाबा.

म्हटलं, नंतर.

सात पंधराला पुन्हा. सात एकवीसला पुन्हा.

मी उचलला नाही. लिहिलं बघा. तुमच्यासारखं लपवत नाही.

साडेसातला तुमचा आकडा आला. पस्तीस. सगळे उतार उघडे. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस.

वाऊटरने पानावर लिहिलं, "पस्तीस, म्हणजे सतरा. नुसतं पीठ भुरभुरलंय. मी आणि यूस्ट कढईत जातोय." यूस्ट त्याचा मेहुणा. कढई म्हणजे मधल्या स्टेशनाच्या डावीकडचा खोलगट उतार. जास्त बर्फ पडला की तो कोसळायची भीती असते, म्हणून तिचं तोंड दोर लावून बंद करतात. पस्तीसला करत नाहीत.

नऊ चाळीसला कढई सुटली. उतारावरचा सगळा बर्फ एकदम खाली आला.

वाऊटरचा एक हात बर्फाबाहेर होता, म्हणून तो जिवंत सापडला. यूस्ट दुपारी सापडला. बाबा संध्याकाळी. ते कढईच्या तोंडाशी होते. हातात दोर होता. कोणी सांगितलेलं नसताना ते एकटे तोंड बंद करायला गेले होते.

एप्रिलमध्ये वाऊटर दुकानात आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ऑटी, मी निम्मा केला गं."

"मी फोन उचलला नाही," मी म्हटलं.

 त्याने दोन स्की उगाच हातात घेऊन बघितल्या आणि गेला.

मग तुम्हीच केलेली चौकशी. मोजणाऱ्याने पस्तीस सांगितले, आम्ही पस्तीस छापले. मोजणाऱ्याचं वय झालं होतं, नजर कमी होती. वही? वही अंतर्गत कागद आहे. मी चार वेळा अर्ज केला. चार वेळा तेच उत्तर, सही तेवढी वेगळी.

पावाच्या दुकानात आता हळू आवाजात म्हणतात, "चूक होते गं म्हातारपणी." यूस्टची आई दर महिन्याला पत्र पाठवते. त्यात एकच ओळ असते. तुझ्या वडिलांनी किती मोजला होता?

मला माहीत नाही. मी फोन उचलला नव्हता. आणि खरं सांगू? कधीकधी मलाही वाटायचं, चुकले असतील का बाबा? वाफ धरली असेल चष्म्यावर...

मागच्या हिवाळ्यात तुम्ही विजेवर मोजणारा खांब उभा केलात. बाबांची फळी आणि काठी खोपटामागे टाकून दिली होती. मी ती बाहेर काढली. म्हटलं, मी मोजेन. रोज सकाळी चढून जाईन आणि पानावर आकडा टाकेन.

डिसेंबरची नऊ तारीख. रात्रीत पहिला मोठा बर्फ पडला. मी वर पोहोचले तेव्हा पाय गुडघ्याखालपर्यंत रुतत होते. खोपटाच्या छपरावर बर्फ. कुंपणावर बर्फ. आणि फळी...

स्वच्छ.

पुसून, नव्या बर्फावर नीट ठेवलेली. आजूबाजूला एक पाऊल नाही. कोल्ह्याचंसुद्धा नाही.

काठी मी फळीजवळ रोवून ठेवली होती. ती दाराला टेकलेली होती. चिमटा एकवीसवर.

मी शेजारच्या बर्फात माझी पट्टी खुपसली.

एकवीस.

मला राग आला, भीती नाही. वाटलं, एगोनचे उद्योग. खाली येऊन त्याला धरलं.

"तू पहाटे वर जाऊन फळी पुसतोस का रे?"

"मी? अगं, मला माझ्या गाडीची काच पुसायला होत नाही."

"मग कोण?"

"वारा असेल."

"वारा चिमटा लावतो का?"

त्याने पाना खाली ठेवला. "ऑटी, मी लोखंडाचा माणूस. असलं काही मला विचारू नकोस."

डिसेंबरात पाच वेळा बर्फ पडला. पाचही वेळा फळी पुसलेली. पाचही वेळा चिमटा बरोब्बर. मी ते आकडे पानावर टाकत गेले. लोक लिहायला लागले, "कास्पारचे आकडे परत आले." मी त्यांना काय सांगणार?

पाचव्या वेळी मी पावणेसातलाच जाऊन खोपटाच्या पुढच्या भिंतीला टेकून उभी राहिले. उणे चौदा. वारा नाही. रोपवे अजून बंद. इतकं शांत की माझ्याच कानातलं रक्त मला ऐकू येत होतं.

आणि मग मागच्या बाजूने...

सर्र.

सर्र.

लाकडावरून उघडा तळवा फिरवल्यासारखा आवाज. मग कडेवर एक थाप.

सहा पावलं टाकली की कोपरा येतो. मी ती टाकली. तिथे कोणी नव्हतं. फळी ओली होती. हात फिरल्याचे पट्टे अजून गोठले नव्हते.

"बाबा," मी म्हटलं. "आजचा आकडा नकोय मला. त्या दिवशीचा सांगा."

काही नाही. जिवंत असतानाही असेच होते. विचारलं ते सोडून सगळं सांगायचे. मी तिथे उभी राहून त्यांना शिव्या घातल्या. घातल्या, खोटं का बोलू? वर्षभर मी तुमच्या दारात उभी होते, तुम्ही बोलत नव्हता. आता हेही बोलत नव्हते.

मग सहा जानेवारी आली.

त्याआधी अकरा दिवस बर्फाचा कण पडला नव्हता. आभाळ निळं. कुरणाच्या कडेने पिवळं गवत उघडं पडलेलं. मी मोजायला गेलेच नव्हते, बाबांसाठी लाल काचेची मेणबत्ती ठेवायला गेले होते. फळी कोरडी होती. आदल्या दिवशी काठी मी स्वतः दाराला लावली होती, चिमटा अगदी तळाला, शून्यावर.

काठी तिथेच होती. चिमटा...

वर होता.

माझ्या गुडघ्याच्याही वर. मी चष्मा लावला. दिव्याखाली धरून वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

बासष्ट.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. सात वाजून बारा मिनिटं. स्कीवाल्यांचं पान. तुमच्या खांबाचा आकडा आला होता. तो आपोआप येतो, त्याला माणूस लागत नाही.

नवा बर्फ, बासष्ट सेंटीमीटर.

लोक हसत सुटले. "निम्मा केला तरी एकतीस, गवतावर?" "आता आकाशातूनही खोटं पाडायला लागले." एकटा वाऊटर हसला नाही. त्याने लिहिलं, "ऑटी, हे काय आहे?"

सात एकवीसला तुम्ही तो आकडा पुसलात. यंत्रात बिघाड, म्हणालात. मीही म्हटलं असतं, असेल बिघाड. योगायोग म्हणून गिळलंही असतं. पण मग आठ वाजता एगोन स्नो-स्कूटरवरून वर आला.

माझ्याकडे न बघता म्हणाला, "फळी न्यायला सांगितलंय."

"आजच?"

"आत्ताच."

"ने. चिमटा तेवढा बघून जा."

त्याने पाहिलं. टोपी काढली. "तू लावलास?"

"नाही."

"ऑटी, माझ्याशी खोटं बोलू नकोस."

"एगोन, या डोंगरावर खोटं बोलायला पगारी माणसं ठेवलीयत. मी कशाला फुकट बोलू?"

तो हसला नाही.  मग हळू म्हणाला, "मला अजून एक सांगितलंय. चिमट्याला हात लावू नको म्हणाले. तो कुठे आहे ते बघ आणि आधी फोन कर."

मला क्षणभर कळलंच नाही तो काय म्हणाला. चिमटा आपोआप हलतो हे मी कोणाला बोलले होते? फक्त एगोनला.

"तू सांगितलंस त्यांना?"

"आईची शपथ, नाही."

त्याने माझ्यासमोर फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. त्याचे हे उपकार मी विसरणार नाही. पलीकडे तुम्ही होता. 'हॅलो' नाही, काही नाही. एकच शब्द. "किती?"

"बासष्ट," एगोन म्हणाला.

मग...

तुमचा नुसता श्वास ऐकू येत होता. आम्ही दोघं त्या थंडीत फोनकडे बघत उभे. अर्धं मिनिट गेलं असेल. मग फोन ठेवलात.

एगोनने फळी, काठी, चिमटा सगळं स्कूटरला बांधलं. जाताना म्हणाला, "कास्पारकाकांची नजर चांगली होती गं." आणि खाली गेला.

फळी आता तुमच्याकडे आहे. वहीही तुमच्याकडे आहे. या हिवाळ्यात मी वर जात नाही. पण बर्फ पडला की सकाळी माझ्या दुकानापुढच्या तीन बाकांपैकी एक बाक पुसलेला असतो. एकच. मी तो बघून न बघितल्यासारखं करते आणि शटर उचलते. रांगेतला माणूस ओरडला तरी आता प्रत्येक फोन उचलते.

एगोन म्हणतो, तुमच्या कचेरीतही तसंच चाललंय. खिडकीबाहेरचा कठडा. तिसरा मजला. बर्फ पडला की सातला साफ. तुम्ही पडदा लावून बसता म्हणे.

पडदा लावून काय होणार?

कढई सुटली त्या सकाळी सात बाराच्या आधी माझ्या बाबांनी तुम्हाला फोन केला होता. आधी तुम्हाला, मग मला, एकतीस वर्षं हाच क्रम होता. मी उचलला नाही. तुम्ही उचललात.

वही उघडा. सहा जानेवारीचं पान काढा. यूस्टच्या आईला मला एका ओळीचं उत्तर पाठवायचंय.

किती होता?