कमी झालेले टाके

शाळेतल्या मुली तिला पाठीमागे कंपासबाई म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. गणित शिकवणाऱ्या बाईला याहून चांगलं नाव कुठून मिळणार? पुढे मुलींच्या आयांनीही तेच नाव उचललं, आणि शेवटी थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानंही.

"कंपासबाई, हे तुझ्याकडे राहू दे," भाऊजी म्हणाले. ताई जाऊन चार-सहा महिने झाले होते. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत राखाडी लोकरीचे गुंडे, आणि सुईवर जेमतेम बॉर्डर झालेली स्वेटरची पाठ. "माझ्यासाठी घेतला होता तिनं विणायला. मला बघवत नाही, आणि टाकवतही नाही."

कंपासबाईनं पिशवी घेतली खरी, पण विणकामात तिचा हात कच्चा होता. लहानपणी दोघी खिडकीशी बसून विणायच्या. हिचा टाका सुटायचा, उलट्याच्या जागी सुलटा पडायचा. ताई काही बोलायची नाही. विणकाम आपल्या मांडीवर ओढून घ्यायची, चूक दुरुस्त करायची आणि परत हिच्या हातात द्यायची.

आता संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की ती विणायला बसे. पहिल्याच आठवड्यात एक टाका सुटला आणि शिडीसारखा खालपर्यंत उसवत गेला. वैतागून तिनं सगळं तसंच कपाटात कोंबलं. दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं, तर शिडी नव्हती. वीण सपाट, एकसारखी.

"तू हात लावलास का गं याला?" तिनं मुलीला विचारलं.

"मी? आई, मला बटणसुद्धा लावता येत नाही."

ते खरंच होतं. आपलीच नजर चुकली असेल, असं कंपासबाईनं स्वतःला समजावलं. पण ती गणिताची बाई, तिला पडताळा हवा होता. पुढच्या ओळीत तिनं मुद्दाम मधोमध एक उलटा टाका घातला, त्यात सेफ्टी पिन अडकवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून शाळेत गेली.

संध्याकाळी पाहिलं तर चूक गेली होती. सेफ्टी पिन पिशवीच्या कडेला नीट टोचून ठेवलेली होती, कुणाच्या बोटाला लागू नये अशी.

पिशवी मांडीवर घेऊन ती पलंगाच्या काठावर बसली. भीती वाटायला हवी होती. पण वाटली नाही. "अजून माझ्या चुकाच निस्तरतेयस होय," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर ती निर्धास्त विणू लागली. चुकलं की सुया खाली ठेवायच्या, सकाळी वीण सरळ झालेली असायची. मुलगी म्हणायचीसुद्धा, "आई, तू हल्ली विणताना हसतेस."

पाठ अर्ध्यावर आली तेव्हा तिला दिसलं की अंग अरुंद होत चाललंय. तिनं फूटपट्टी लावली. दोन्ही कडांना, दोन-दोन टाके एकत्र विणून, ओळीमागून ओळ टाके कमी केलेले होते. तिनं तसं केलं नव्हतं. भाऊजी चांगले आडव्या अंगाचे. दारातून शिरले की दार लहान वाटायचं.

तिनं तेवढं उसवलं आणि मापानं पुन्हा विणलं. सकाळी ते परत अरुंद झालं होतं. तिनं पुन्हा उसवलं. परत तेच.

"ताई, माप चुकतंय तुझं," ती चिडून म्हणाली. मग थकून हसली. "बरं बाई. तुझा नवरा, तुझं माप."

पुढचा भागही तसाच झाला, बाह्याही. थंडी सुरू व्हायच्या आधी तिनं स्वेटर भाऊजींकडे नेला. त्यांनी तो डोक्यातून घातला, आणि तो छातीवरच अडकला. हात वर, तोंड लोकरीत. तिला दोन्ही हातांनी ओढून काढावा लागला. दोघं खूप दिवसांनी पोटभर हसली.

"राहू दे, मी उशाशी ठेवतो," ते म्हणाले.

त्यानंतर भाऊजी आजारी पडले. आधी भूक गेली, मग तपासण्या, मग पोटाचं मोठं ऑपरेशन. कंपासबाई शाळेतून थेट दवाखान्यात जायची. ते दिवसागणिक वाळत होते, कपडे खुंटीला अडकवल्यासारखे अंगावर लोंबायचे. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, पण थंडीपासून जपा.

घरी आल्यावर भाऊजींनी स्वेटर मागितला.

खांद्यावर खांदा बसला. बाही मनगटावर येऊन थांबली. कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही.

त्यांनी छातीवरून हात फिरवला. "तुला कसं कळलं गं?"

तिनं त्यांची कॉलर सारखी केली आणि पाणी आणायला उठली.

ते हळूहळू सावरले. उन्हात खुर्ची टाकून बसू लागले, पेपर वाचू लागले. एका रविवारी सकाळी कंपासबाईनं सुया कायमच्या आवरून ठेवायला कपाट उघडलं.

सुया मोकळ्या नव्हत्या.

त्यांवर नवीन पाठ चढवलेली होती. जांभळी. जांभळी लोकर घरात कुणी आणलीच नव्हती. ताई मात्र कंपासबाईसाठी कायम तोच रंग घ्यायची.

बॉर्डर तिच्या मापाची होती. बॉर्डरच्या वर मात्र दोन्ही कडांना टाके कमी होत गेले होते.

आरशासमोर तिनं ते अंगाला लावून पाहिलं. दोन्ही बाजूंना तीच उरत होती, चांगली चार-चार बोटं.

उसवायला तिचा हात सुईकडे गेला आणि तिथेच थांबला.

"कुणाचं गं हे?" दारातून मुलीनं विचारलं. "फारच छोटं वाटतंय."

कंपासबाई खिडकीशी जाऊन बसली. तिनं लोकर बोटावर घेतली.

"छोटं नाही," ती शांतपणे म्हणाली. "पुढच्या थंडीपर्यंत बसेल मला."