हवा रुग्ण, मिळाला रुग्ण

औषधं वाटायची वेळ झाली आणि दवाखान्यातले सगळे संगणक एकाच वाक्यावर अडले.

'साचा जुळत नाही. हवा: रुग्ण. मिळाला: रुग्ण.'

परिचारिका चिठ्ठ्या घेऊन धावू लागल्या. त्या गडबडीत एका आजोबांना भलतंच इंजेक्शन मिळता मिळता राहिलं.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई तणतणत संगणक विभागात आल्या. औषधवाटपाचा प्रोग्राम लिहिणारी मुलगी पडद्यासमोर बसली होती. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून सगळे तिला घोरपड म्हणत. शेजारी विभागप्रमुख उभे होते. ते तिचे सख्खे मामा. तिला इथे लावलं होतं तेही त्यांनीच.

"चूक हिचीच आहे," मामा म्हणाले. "बाळ, माफीनाम्यावर सही कर. ती साच्याची तपासणी काढून टाक, काम सुरू होईल. पुढचं मी सांभाळून घेतो."

"सही करणार नाही. तपासणीही काढणार नाही."

"इथे माणसांच्या जिवाशी खेळ चाललाय!" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"म्हणूनच काढणार नाही. रुग्णाची माहिती ज्या साच्यात बसते, तो मी बनवलाय. तो एकच आहे. मग 'रुग्ण'ला 'रुग्ण' का चालत नाही? मामा, साच्याला कुणी हात लावला?"

"कुणीही नाही. आणि सरावाच्या जागेत तर कुणी फिरकतसुद्धा नाही. उगाच खोलात शिरू नकोस."

ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिची बोटं भराभर चालू लागली.

"सापडलं. याच नावाचा दुसरा साचा आहे. सरावाच्या जागेत, जिथे आपण प्रोग्राम आधी चालवून बघतो."

"कुणी बनवला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्या नावाच्या, माझ्या पासवर्डच्या खात्यातून बनलाय."

मामांनी सुस्कारा सोडला. "बघा! मी काय म्हणत होतो?"

"कधी बनला, तेही लिहिलंय. मागच्या महिन्यात माझं अपेंडिक्स काढलं, त्या दुपारी. डॉक्टर, तेव्हा मी कुठे होते?"

डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. "माझ्यासमोर. टेबलावर, बेशुद्ध."

"आत नेताना मी माझा पासवर्ड एकाच माणसाला दिला होता. काही अडलं तर असू द्या म्हणून."

ती मामांकडे वळली.

"दोन घरांत एकाच नावाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या मुली असल्या, तरी आई आपली मुलगी बरोबर ओळखते. संगणकाचंही तसंच. नाव सारखं, आतली रचना सारखी. पण साचा दुसऱ्या घरचा, म्हणून त्याने तो नाकारला. सरावाला खोटे रुग्ण पुरतात. तिथे मात्र आपले खरे रुग्ण आहेत, आजारांसकट, आणि तिथून त्यांची माहिती चोरून एका विमा कंपनीकडे पाठवायची वाट काढलेली आहे. काल ती वाट दुरुस्त करताना औषधवाटप चुकून त्या नकलेला जोडलं गेलं. तिच्यात मागच्या महिन्यातली औषधं आहेत. तपासणी काढली असती, तर आज तीच लोकांच्या पोटात गेली असती."

"सगळा अंदाज आहे हा," मामा पुटपुटले.

"मी फक्त साच्याबद्दल विचारलं होतं, मामा. सरावाच्या जागेचं नाव तुम्ही काढलंत."

मामा खुर्चीत बसले. "घरचं माणूस आहे मी. तुझ्या आईला काय तोंड दाखवशील?"

"हेच दाखवीन. मी काही चोरलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना फोन लावला. घोरपडीने औषधवाटप पुन्हा खऱ्या साच्याला जोडलं. वॉर्डांतले संगणक एकेक करून चालू झाले.

मामा तोंड झाकून रडत होते. तिचेही डोळे भरून आले. पण मामा कळफलकाकडे सरकले, तशी ती आडवी उभी राहिली.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पोलीस येईपर्यंत मी इथून हलत नाही."