तपासणाऱ्याची सही

पैज लागली ती जिन्यात. त्या इमारतीतली लिफ्ट कित्येक वर्षं बंद होती, त्यामुळे भांडणं, चहाड्या, सलोखे सगळं जिन्यातच व्हायचं.

चौथ्या मजल्यावर राहायचे कंडक्टरकाका. बसमधून निवृत्त झाले तरी बस काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या पलंगाखाली, शिवणकामवाली मावशी. काका दुपारी आडवे झाले रे झाले की खालून मशीनची घरघर सुरू. दोघांचं हाडवैर म्हणावं, तर रोज सकाळी पेपर एकच, वाटून.

त्या दिवशी विषय होता मावशीची भाची. वय वर्षं सव्वीस. लहानपणापासून काका तिला 'अर्धं तिकीट' म्हणायचे, आणि पोरगी ताडमाड झाली तरी नाव काही सुटलं नाही. कारणही तसंच होतं. टायपिंग शिकायला गेली, दोन महिन्यांत बंद. केस कापायला शिकायला गेली, आरशातच बघत बसली. मावशीकडे शिवण शिकली, त्याचा पुरावा म्हणजे एका बाहीचा एक शर्ट, तो अजून खुंटीवर लोंबत होता.

"आता काय म्हणे डिप्लोमा?" काकांनी पेपरची घडी घातली.

"फार्मसी टेक्निशियनचा. पार्ट-टाइम," मावशी छाती फुगवून म्हणाली. "दिवसा हॉस्पिटलच्या औषध भांडारातली नोकरी, संध्याकाळी क्लास. वर्षभर. पास झाली की खोकी उचलायचं बंद, थेट खिडकीवर. औषधं देणार माझी पोर!"

"तीन महिन्यांत गाडी डेपोत."

"लावा पैज!"

"लावली! ती पास झाली तर मी पूर्ण युनिफॉर्म घालून तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत उलटा चढेन. प्रत्येक मजल्यावर स्टॉप पुकारत. आणि तिने सोडलं तर वर्षभर दुपारी तुझं मशीन मुकं!"

"कबूल!"

आणि दोन पायऱ्या खाली, हातात नवीन वह्यांची पिशवी घेऊन, अर्धं तिकीट हे सगळं ऐकत उभं होतं.  वर जाताना ती काकांच्या हातातला पेपर ओढून घेऊन गेली.

---

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. भांडाराच्या मागच्या दारी घाऊक व्यापाऱ्याची व्हॅन लागली, आणि तिच्यातून एक माणूस उतरला, नखशिखान्त भिजलेला. त्याचा रेनकोट त्याच्या अंगावर नव्हता. खोक्यांवर होता.

"अहो व्हॅनवाले, खोकं उलटं ठेवलंय तुम्ही. बाण बघा, बाण!" खोकी उतरवून घेणारं अर्धं तिकीट दारातून ओरडलं.

त्याने खोक्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग... पुन्हा खोक्याकडे पाहायला विसरला.

"बाण लागला," तो म्हणाला. "म्हणजे... दिसला."

"मग सरळ करा."

"सरळच आहे मी. खोकं करतो."

ती हसली नाही. तो गेल्यावर हसली, तेही खोक्याच्या आड.

संध्याकाळी सहाला क्लासमध्ये गेली, तर शेवटच्या टेबलावर एकच जागा रिकामी, आणि शेजारी तोच. आता कोरडा होता. केस विंचरलेले. तिला बघून त्याने आपली वही उचलली, उलटी होती ती सरळ केली, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाण वरच आहे. बसा."

---

शिकवायला होत्या एक बाई. चाळीस वर्षं खिडकीवर काढलेल्या. चष्मा साखळीला, जीभ धारेला.

"विश्वास घरी ठेवून या," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "इथं फक्त मोजायचं. चिठ्ठी बघून एक जण औषध भरणार, लेबल लावणार, सही करणार. शेजारचा ते सगळं नव्याने मोजणार, वाचणार आणि मगच दुसरी सही करणार. भरणारा तुमचा सख्खा भाऊ असला तरी. नवरा असला तर दोनदा मोजा!"

वर्ग हसला. व्हॅनवाला मात्र वहीत लिहून घेत होता.

मोजायचं म्हणजे खोट्या गोळ्या. पांढऱ्या, साखरेच्या. ताटलीत ओतायच्या, चपट्या पट्टीने पाच-पाचच्या गटात सरकवायच्या. पाच, दहा, पंधरा... ही पोरगी जन्मात कशात रमली नव्हती, ती यात रमली. त्या पट्टीचा टिक-टिक आवाज, ताटलीवर नीट लागलेल्या पांढऱ्या रांगा. घरी मावशीची बटणंसुद्धा ती पाच-पाचने मोजायला लागली. तिचं लाल पेन कधी कानावर, कधी दातात.

आणि तिच्या लक्षात आलं, हा माणूस दर शनिवारी एक चूक करतो. एकच. कधी एकोणतीस गोळ्या, कधी लेबल नेमकं मुदतीच्या तारखेवर. ती लाल गोल करायची, तो डोळा मिचकवायचा, आणि क्लास सुटल्यावर चहा त्याच्याकडून.

"मुद्दाम करता तुम्ही!" तिसऱ्या चहाला ती म्हणाली.

"पुरावा?"

"मंगळवारी, गुरुवारी एकही चूक नसते. शनिवारीच बरी होते?"

"शनिवारी क्लास लवकर सुटतो," तो शांतपणे म्हणाला. "चहाला वेळ असतो."

"आणि एखाद्या दिवशी मला चूक सापडली नाही तर?"

"असं होणारच नाही. तुम्हाला माझं काही चांगलं दिसतच नाही, फक्त चुका दिसतात."

"दिसतं की," ती म्हणून गेली... आणि मग कपात इतकी खोल बघत बसली, की बशीसुद्धा लाजली असती.

पाचव्या महिन्यात 'अहो'चं 'अरे' झालं. कुठल्या दिवशी, ते दोघांनाही आठवत नाही. सहाव्या महिन्यात मावशीने ओळखलं, कारण एका बाहीच्या शर्टाला भाचीने आपणहून दुसरी बाही लावली. तिरकी लावली, पण लावली. काकांनी तो शर्ट खुंटीवर पाहिला आणि कपाटातला युनिफॉर्म काढून बघितला. पोटावर बसत नव्हता. त्यांना पहिल्यांदा घाम फुटला.

---

मग वर्षाच्या शेवटी आली प्रॅक्टिकल परीक्षा. नियम कडक. भरणाऱ्याने भरायचं, तपासणाऱ्याने तपासायचं, मधे एक शब्द नाही. सुटलेली चूक बाईंच्या हाती लागली तर दोघंही नापास. तपासणाऱ्याने पकडली, तर भरणारा एकटा नापास. त्याने दोन महिन्यांनी पुन्हा बसायचं.

आधी तिने भरलं, त्याने तपासलं. मग पाळी त्याची. चिठ्ठी साधी होती: रोज रात्री एक गोळी, अठ्ठावीस दिवस. तिने मोजल्या. पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, आणि तीन. बरोबर. मग लेबल वाचलं.

'दिवसातून दोनदा एक गोळी.'

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळा मिचकव... मिचकव ना रे! पण तो मिचकवत नव्हता. त्यानेही आता आपलं लेबल वाचलं होतं, आणि त्याचा चेहरा त्या साखरेच्या गोळ्यांइतका पांढरा पडला होता.

बाई दोन टेबलं पलीकडे, आणि दोन सह्या झालेली प्रत्येक बाटली काही त्या पुन्हा वाचत नव्हत्या. तिच्या हातात लाल पेन. या माणसाला व्हॅनमधून उतरायचं होतं, खोकी उचलून उचलून पाठ कामातून गेली होती. महिन्याभरात एका जुन्या दवाखान्यात एक जागा निघणार होती, तिच्यावर त्याचा डोळा होता, हे तिलाच तर सांगितलं होतं त्याने, चौदाव्या का पंधराव्या चहाला.

तिने लाल गोल केला. बाजूला लिहिलं: 'मात्रा दुप्पट.' आणि सही केली, जरा वाकडी.

बाहेर आल्यावर तो काहीतरी बोलणार होता. ती थांबलीच नाही.

---

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला तोंडी परीक्षा. ती झाली की संपलं. पण आठवडाभर तिने फोन बंद ठेवला. व्हॅन यायच्या वेळी ती भांडाराच्या पार पुढच्या टोकाला जाऊन बसायची. आणि त्या शनिवारी साडेआठ वाजले तरी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"ऊठ गं," मावशी म्हणाली.

"नाही जायचं मला. त्याची जागा घालवून मी खिडकीवर बसू? नको मला तो डिप्लोमा."

"सगळं केलंस आणि आता शेवटच्या दिवशी?"

"माझं हे असंच असतं, मावशी. काका बरोबर बोलतात."

तेवढ्यात दारात काकाच. आता पैज तर त्यांच्या खिशात पडली होती, दुपारची झोप वर्षभराची पक्की. पण तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

"ही घे," त्यांनी एक छोटी बाटली पुढे केली. "काल संध्याकाळी तो तुझा ड्रायव्हर जिन्यात घुटमळत होता. वर यायचं धाडस नाही, मग मलाच टपाल केलं. रात्रभर माझ्या उशाशी होती. खिशातच ठेवली असती तर जिंकलो होतो मी. कळतंय का? जिंकलो होतो!"

"मग दिलीत कशाला?" मावशीने विचारलं.

"उतारूचं सामान ठेवून घेत नसतो मी," काका गुरगुरले आणि निघून गेले. म्हणजे, दाराआड उभे राहिले.

तिने बाटली फिरवली. लेबल सरळ, अक्षर सुबक, मुदतीची तारीख उघडी.

पेशंट: लाल पेनवाली.
पेपरमिंटच्या गोळ्या: ३०.
कशी घ्यावी: मन खट्टू झाल्यास एक. भरणाऱ्यावर रागावून घेऊ नये.
भरणाऱ्याची सही: ही त्याची.
तपासणाऱ्याची सही: ...रिकामी.

ती उठून बसली. मग, काय सांगावं, हातच ऐकेना. स्वयंपाकघरातून ताटली आणली, सुरी आणली, गोळ्या ओतल्या. पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस... आणि चार.

पुन्हा मोजल्या. एकोणतीस.

पलंगाखाली बघितलं. मावशीला विचारलं, "तू खाल्लीस?" दाराकडे बघून ओरडली, "काका, तुम्ही खाल्लीत?"

"आईशप्पथ नाही!" दार म्हणालं.

"एक कमी आहे! मावशी, हा माणूस सुधारणार नाही! तीस लिहितो आणि एकोणतीस भरतो? नापास होऊनसुद्धा?" बोलता बोलता तिने वेणी घातली, चपला घातल्या, कानावर लाल पेन अडकवलं आणि बाटली घेऊन जिना उतरली, दोन-दोन पायऱ्या.

काका दाराआडून बाहेर आले. "गेली?"

"गेली," मावशीने पदराने डोळे पुसले. "युनिफॉर्म सैल करून देऊ का?"

---

तो क्लासच्या फाटकाशीच उभा होता. रिमझिम चालू होती, आणि रेनकोट पुन्हा अंगावर नव्हताच. या वेळी खोकीही नव्हती, नुसताच विसरला होता.

"एक कमी आहे!" ती लांबूनच ओरडली.

त्याने मूठ उघडली. तळहातावर तिसावी गोळी, जराशी विरघळलेली.

"मुद्दाम केलंस!"

"हो. चिठ्ठी लिहिली असती तर तू फाडली असतीस. पण मोजल्याशिवाय तू राहूच शकत नाहीस."

ती दम खात उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि... परीक्षेतलं?"

"ते मुद्दाम नव्हतं." त्याने बाहीने तोंडावरचं पाणी पुसलं. "तू समोर पेन दातात धरून बसली होतीस. हात लिहीत होता आणि डोळे... जाऊ दे. त्या दिवशी घरी गेलो आणि आईचा गोळ्यांचा डबा उघडला. तिलाही रात्री एकच असते. दोनदा गेली असती तर? रात्र... नाही, सबंध आठवडा मी एकच विचार करतोय. तू तो गोल केला नसतास ना, तर मी पास झालो असतो आणि तुझ्याशी पुन्हा कधी बोललो नसतो."

"दोन महिने वाया जातील तुझे. ती जागाही जाईल."

"जागा दुसरी निघेल. पण शेजारी बसून जन्मभर चुका काढणारी... ती कुठं निघते?"

"ही मागणी आहे की शिक्षा मागतोयस?"

"तपास तू. ठरव तू."

घड्याळात दहाला पाच कमी. तिने त्याच्या तळहातावरची गोळी उचलली, बाटलीत टाकली. झाकण लावलं. पेन काढलं, त्याच्या खांद्याचं टेबल केलं आणि रिकाम्या जागी सही केली. या वेळी सरळ. बाटली त्याच्या खिशात घातली आणि मागे न बघता आत पळाली.

आत बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खिडकीतून दिसत होतं. नीट मोजून घेतलंस ना?"

"दोनदा, बाई."

---

निकाल लागला त्या रविवारी जिना पहिल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत माणसांनी फुलला होता. तळाशी कंडक्टरकाका. टोपी, बिल्ला, घंटी, आणि मावशीने दोन्ही बाजूंनी सैल केलेला युनिफॉर्म.

"थांबा," अर्धं तिकीट पुढे आलं. "ब्लडप्रेशरची सकाळची गोळी घेतलीत?"

"घेईन नंतर..."

"आधी गोळी. मग बस."

सगळ्यांसमोर गिळायला लावली. जीभ वर करून दाखवायलाही लावली.

मग काका निघाले. पाठ वर, तोंड खाली, एक हात कठड्यावर. "चला, पहिला मजला! इस्त्रीचं दुकान! उतरून घ्या!" टण्. पोरं किंचाळली. "दुसरा मजला! गळका नळ! पुढे सरका, जागा आहे!" टण्. घामाघूम झाले, टोपी तिरकी झाली, पण आवाज तसाच खणखणीत. अर्धं तिकीट दर दोन पायऱ्यांना त्यांना थांबवून नाडी बघत होतं.

"तिसरा मजला! मावशीचं मशीन! इथं कोण चढणार?"

खालून एक हात वर आला. दुसऱ्या हातात पुस्तकांचं खोकं, बाण वर. त्याची परीक्षा पुढच्या महिन्यात होती आणि रविवारचा अभ्यास आता मावशीकडे असायचा.

काकांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तिकीट?"

तो गडबडला. मग खिशातून बाटली काढली. काकांनी चष्मा लावला, लेबल वाचलं, खालची लाल सही वाचली आणि वर बघितलं.

"तू मोजलेलं आहेस का गं हे?"

"पूर्ण आहे, काका," ती म्हणाली. कानापासून गळ्यापर्यंत लाल. "सही माझीच आहे."

काकांनी दोनदा घंटी वाजवली. टण् टण्.

"जाऊ द्या गाडी!"

मग उरलेला मजला ते उलटेच चढले, आपल्या उंबऱ्यावर टेकले, टोपी काढून वारा घेतला. दुपारचे दोन वाजले होते. डोळे मिटतात न मिटतात, तोच खालून मशीनची घरघर सुरू झाली.