फाटक शेवटी रंगवायचं

चित्रकलेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जलरंगात फिकं आधी, गडद शेवटी. पांढरा रंग वापरायचाच नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा.

"आणि नक्कल म्हणजे नक्कल. अक्कल पाजळायची नाही. एकच चित्र पाच वेळा करा, हात आपोआप शिकतो."

नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या तिला हे पटलं. प्रयोगही पुन्हा पुन्हाच करायचा असतो. तिने आईचं चित्र निवडलं. आईला जाऊन वर्ष झालं होतं. चित्रात घरामागची बाग होती: डावीकडे कातरलेलं कुंपण, मधून खडीची वाट, वाटेच्या टोकाला विटकरी रंगाचं लाकडी फाटक, अर्धवट उघडं. वाटेच्या मध्यावर पाठमोरे बाबा. त्यांचा शर्ट म्हणजे आईने सोडलेला नखाएवढा कागद.

ते बाबा आता शेजारच्या खोलीत अंथरुण धरून होते. हृदय थकलं होतं. "औषधं चालू ठेवा, बाकी आपल्या हातात नाही," असं डॉक्टर म्हणाले, ते मात्र तिला पटलं नव्हतं. ती रोज तीनदा त्यांची नाडी मोजून वहीत लिहायची.

दुपारी ते झोपले की दाराशी टेबल ओढून ती रंगवायला बसे. कागदावर पुसट पेन्सिलीने सेंटिमीटरचे चौकोन आखलेले. आईच्या चित्रात शर्टापासून फाटक सहा चौकोन लांब होतं. पहिली नक्कल वाळल्यावर तिने मोजलं. पाच.

"काय गं मोजपट्टी," बाई हसल्या. वर्गात तिचं हेच नाव पडलं होतं. "तुझाही हात चुकतो म्हणायचा!"

दुसऱ्या नकलेत चार. तिसरीत तीन. शर्ट लहानही होत चालला होता, अंतराच्या हिशेबात अगदी बरोबर.

हात चुकला तर कधी पुढे चुकेल, कधी मागे. दर वेळी एकाच दिशेने चुकत असेल, तर त्याला काहीतरी कारण असतं. हे तिला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

तिने नाडीची वही उघडून नकलांशेजारी ठेवली. पहिली नक्कल झाली त्या दिवशी बाबांचं न्हाणीघरापर्यंत जाणं थांबलं होतं. दुसरीच्या दिवशी उठून बसणं. तिसरीच्या दिवशी जेवण.

तिने ब्रश धुऊन ठेवले, नकला खणात घातल्या. चार दिवस कागदाला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "पोरी, चपला दे गं. खडी फार टोचतेय."

पहिल्या नकलेपासून त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. नकला त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

तिने खण उघडला. तिसऱ्या नकलेत आता एकच चौकोन उरला होता.

थांबून उपयोग नव्हता.

तिने नवा कागद ताणून फळीवर चिकटवला. चौकोन आखले. मग बाईंनी सांगितलेलं सगळं मोडायचं ठरवलं. गडद आधी. कुंपण नाही, आकाश नाही, वाट नाही. आधी फाटक.

बंद फाटक.

विटकरीत थोडा निळा मिसळून तिने फळ्या भरल्या. फटी बुजवल्या. सर्वांत बारीक ब्रशने कडी काढली. मग वाट, कुंपण, आकाश. शर्टाची जागा तिने मोजून सोडली, फाटकापासून बरोबर सहा चौकोन.

"पोरी!"

हाक खणखणीत होती. ती धावली.

बाबा उठून बसले होते, उशीला टेकून. चेहऱ्यावर रंग आला होता. "चहा टाक. आणि त्या डॉक्टरला सांग, म्हातारा अजून आहे."

ती हसली, रडली, त्यांचा हात धरून नाडी मोजू लागली. बहात्तर. ठोके एकसारखे.

मग तिच्या बोटांना ओलं लागलं.

बाबांच्या मुठीच्या चारही उंचवट्यांवर विटकरी रंग होता. थोडा निळा मिसळलेला.

"बाबा, हे काय?"



"किती वेळ वाजवत होतो," ते म्हणाले. "पलीकडून तीही वाजवत होती. तू लावलीस का गं कडी?"



चहा ठेवायला म्हणून ती बाहेर आली आणि टेबलापाशी थांबली. शर्ट फाटकाला टेकला होता. ओल्या फळ्यांवर सुईच्या टोकाएवढ्या चार जागी रंग निघालेला होता.

तिने कागद फळीवरून सोडवला आणि उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला, नेमक्या फाटकाच्या जागी, चार बारीक खळगे होते.

कागदावर हलकीच टकटक झाली. सवयीने तिने खळगे पुन्हा मोजले.

पाच.