सहा मिनिटांचं थेट प्रक्षेपण

"माझ्या नवऱ्यानं दोन माणसं मारली म्हणताहेत," बाई दारातूनच म्हणाल्या. "उद्या दहाला चौकशी आहे. तिथून त्यांना सरळ कोठडीत नेतील."

तपासनीसबाईंनी खुर्ची पुढे केली. त्यांचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान आणि निवृत्त पोस्टमास्तर, पाणी आणायला उठले.

गोष्ट सगळ्यांनी पाहिली होती. मंगळवारी दुपारी पुराच्या बातम्यांत, एकोणीस देशांत एकाच वेळी, पुलाजवळच्या एका छपरावर अडकलेलं पाच जणांचं कुटुंब दिसलं. कोपऱ्यात लाल अक्षरांत 'थेट'. गिरणीकडे निघालेली बचावाची एकुलती एक बोट ते पाहून पुलाकडे वळवली गेली. छप्पर रिकामं होतं. त्या कुटुंबाला सकाळी आठलाच उतरवलं होतं. तोवर गिरणीतलं म्हातारं जोडपं बुडालं.

"वाहिनी म्हणते, वार्ताहर पुलावरून थेटच बोलत होता, छपराची सकाळची चित्रं मात्र यांनी चुकून मध्ये घुसडली," बाई म्हणाल्या. "हे उपग्रहाच्या खोलीत काम करतात. एकतीस वर्षं. घरी चहात साखर घालायला विसरतात, पण तिथे नाही हो चुकत."

"चला, भावोजी," तपासनीसबाई म्हणाल्या.

वाहिनीच्या इमारतीत शिळ्या कॉफीचा आणि पावडरीचा वास कोंडला होता. तळघराच्या जिन्याशी एक कागद चिकटवलेला होता. त्यावर कुणीतरी कप ठेवल्याचा गोल डाग होता. भावोजींनी तो मोठ्यानं वाचला.

"'दर वर्षी दोनदा, आठवडाभर, सूर्य आपल्या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. या आठवड्यात रोज दुपारी १२.१४ ते १२.२० त्याच्यावरून येणारं चित्र मिळणार नाही.' घ्या! सूर्यालासुद्धा जेवणाची सुट्टी!"

खाली बाईंचे यजमान, म्हणजे यंत्रज्ञ, एका पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर वरच्या स्टुडिओतला निवेदक परदेशातल्या बातमीदाराला प्रश्न विचारत होता. बातमीदार क्षणभर घुबडासारखा बघत राहिला, मग बोलू लागला.

"बहिरा आहे का हा?" भावोजींनी विचारलं.

"नाही हो. प्रश्न छत्तीस हजार किलोमीटर वर जातो, तेवढाच खाली येतो. उत्तरालाही तोच फेरा. अर्धा सेकंद तरी जातोच."

"मंगळवारी काय झालं?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"डिशवरून येईल ते मी वर स्टुडिओत पाठवतो, एवढंच माझं काम. मधेच माझ्या पडद्यावरचं चित्र गेलं, नुसत्या मुंग्या. वर फोन केला, कुणी उचलला नाही. बाहेरच्या टीव्हीवर पाहतो तर चित्र स्वच्छ! मला वाटलं, त्यांनी दुसरी काही वाट काढली असेल."

"हे संपादकांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, सगळ्या जगाला दिसलं आणि तुम्हालाच मुंग्या?"

संपादकांनी आपल्या खोलीत मंगळवारची टेप लावून दिली. बारा अकरापासून बारा एकवीसपर्यंत. छपरावरची बाई लेकराला छातीशी धरून हात हलवत होती.

"काय चित्र आलंय!" संपादक सवयीनं बोलून गेले. मग त्यांनी चेहरा लांब केला. "त्या म्हाताऱ्यांचंही दाखवलं असतं, पण त्यांचे फोटो फार धूसर आहेत. वापरता येत नाहीत."

तपासनीसबाईंनी टेप पुन्हा लावली आणि या वेळी डोळे मिटून ऐकली. निवेदकानं "किती जण आहेत तिथे?" असं विचारलं. 'तिथे' पुरतं संपायच्या आत वार्ताहर "पाच!" म्हणाला होता.

वार्ताहर कँटीनमध्ये सापडला. कोरडे, कडक इस्त्रीचे कपडे, तोंडात घास.

"मी स्वतः पुलावर होतो, बाई. गुडघाभर पाण्यात."

"चित्र कसं पाठवलंत? दुसरी काही सोय होती?"

"कसली सोय! टेलिफोनचे खांब वाहून गेलेले. आमची एक गाडी, तिच्यावर एक डिश आणि तो एक उपग्रह. तेवढ्यावर जगाला पूर दाखवला मी."

निवेदक आरशासमोर बसून कागदानं डोळ्यांखालची पावडर टिपत होता.

"मी तर त्याच्याशी प्रत्यक्ष बोललो. सलग दहा मिनिटं. रडू आवरत नव्हतं मला," तो म्हणाला. "थांबा, ही बाजू जरा तेलकट दिसतेय का?"

"तळघराच्या जिन्याशी सूचना लावतात. वाचता?"

"तिकडे कोण जातं?"

तासाभरात सगळे संपादकांच्या खोलीत जमले. यंत्रज्ञ आणि त्यांची बायको दाराशी उभी होती. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"छपराची चित्रं कुणी घातली, हा प्रश्नच चुकीचा आहे," तपासनीसबाईंनी सुरुवात केली. "ती कुणी घातलीच नाहीत. तुम्ही दाखवलेली दहाच्या दहा मिनिटं शिळी होती."

"मी थेट होतो!" वार्ताहर ओरडला.

"बारा चौदा ते बारा वीस सूर्य तुमच्या उपग्रहामागे होता. त्या वेळात इथली डिश उपग्रहाकडे बघते म्हणजे सूर्याकडेच बघते. हाती लागतात फक्त मुंग्या. यंत्रज्ञांनी त्या पाहिल्या. तुमच्याकडे दुसरी वाट नव्हती, हे तुम्हीच सांगितलंत. मग ती सहा मिनिटं तुमचा स्वच्छ चेहरा आला कुठून? या इमारतीतल्या टेपवरून."

"अहो, पण टेप प्रश्नांची उत्तरं कशी देईल?" भावोजी गोंधळले.

"उत्तरं आधीच भरलेली होती, मधे प्रश्नांपुरती जागा सोडून. निवेदकांनी त्या जागांत प्रश्न बसवले. एक प्रश्न जरा लांबला आणि उत्तर त्याच्यावर चढलं. अर्धा सेकंद उशिरा यायचं ते आधीच आलं! टेप थांबून ऐकत नाही. म्हणजे समोर टेप आहे, हे प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक होतं."

निवेदकाच्या हातातला कागद खाली पडला.

"यंत्रज्ञाला फसवणूक करायची असती, तर त्यानं दिवसभरातली नेमकी हीच सहा मिनिटं निवडली नसती. ती सूचना त्याच्याच हातची आहे. ही वेळ फक्त ती न वाचणाराच निवडेल."

मग वार्ताहर पुटपुटला, "सकाळी सातला भरून पाठवली होती. लाइन तुटली तर असावी म्हणून. सगळेच करतात तसं. दुपारी संपादकांचा निरोप आला, एकोणीस देश जोडले जाणार आहेत, थेट हवंच. मी तोवर हॉटेलवर आलो होतो, म्हणून तीच टेप लावली त्यांनी. पाय भिजले होते माझे."

"पाय," यंत्रज्ञ हळूच म्हणाले.

संपादक उठले. त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "झालं ते झालं. हे या खोलीबाहेर जायला नको. तुमच्यावरचा आरोप मी आत्ता मागे घेतो. उद्यापासून तुम्ही मुख्य अभियंता. काय?"

यंत्रज्ञांनी बायकोकडे पाहिलं. त्यांनी मंगळवारची टेप उचलून काखेत धरली.

"गिरणीवाल्यांचा मुलगा येणार आहे उद्या चौकशीला," ते म्हणाले. "त्याला काय सांगू? मला बढती मिळाली?"

ते दाराकडे वळले. संपादक घाईनं मागे आले.

"बरं, जा. पण एक कॅमेरा तरी सोबत येऊ द्या! निर्दोष माणूस चौकशीला चाललाय, सोबत बायको. आपण थेट दाखवू."

यंत्रज्ञांची बायको थांबली. वळली. आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्याच्या गालिच्यावर थुंकली.