नीट ठेवणे

वाचनालयाच्या हॉलला कुलूप, किल्ली असलेला शिपाई आज सुट्टीवर, आणि तिच्या दोन्ही हातांत एक मोडका संसार! शिट्टी हरवलेल्या कुकरात लावलेला पुदिना. चमचे अडकवायला पाठीवर हूक मारलेला मुका रेडिओ. उताणा ठेवून जाळीवर पालेभाजी सुकवायचा बंद पंखा. घरात तिला भंगारराणी म्हणत, ते उगाच नाही.

उद्या सकाळी याच हॉलमध्ये ती हे सगळं मांडणार होती, कमी तेलातला स्वयंपाकही करून दाखवणार होती. वाचनालयाच्या अध्यक्षबाईंना पसंत पडलं तर दर शनिवारचा वर्ग तिचा. नाहीतर सोमवारपासून मामाच्या ऑफिसात टायपिंग. आईने तसं बजावूनच ठेवलं होतं.

समोर दुरुस्तीचं एक दुकान उघडं होतं. आतला तरुण कपातला चहा संपवत होता.

"उद्या सकाळपर्यंत एवढं ठेवाल का?"

"ठेवतो की." त्याने तिच्या कपाळावरच्या मातीकडे पाहिलं, मग घाईघाईने नजर वळवली. "चिठ्ठी लावून जा. आमच्याकडे पद्धत आहे."

तिने चिठ्ठीवर लिहिलं – नीट ठेवणे. आणि जाताना, का कोण जाणे, त्याच्याकडे बघून हसली.

सकाळी ती आली तेव्हा रेडिओ गात होता.

पंखा गरगरत होता. कुकर घासूनपुसून, नवी शिट्टी लावून, आरशासारखा चमकत होता. आणि दुकानदार तांबारलेल्या डोळ्यांनी शाबासकीची वाट पाहत उभा होता!

"हे... हे काय केलंत?"

"नीट केलं. चिठ्ठीत होतं ना?"

"नीट *ठेवा* म्हटलं होतं! नीट *करा* नव्हे!"

"माझ्या दुकानात 'नीट'चा एकच अर्थ आहे हो," तो ओशाळून म्हणाला.

"अहो, टाकाऊतून टिकाऊचं प्रदर्शन आहे माझं! आता यात टाकाऊ काय उरलंय?" तिने कपाळावर हात मारला. "आणि माझा पुदिना?"

त्याने हळूच आपला चहाचा कप पुढे केला. त्यात पुदिना होता, पाणीसुद्धा घातलेलं. तो स्वतः चहा पीत होता स्टीलच्या डब्याच्या झाकणातून. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

हॉलमध्ये तिने मसूर, भोपळा आणि गाजर त्याच कुकरात शिजायला घातलं. दुसरं करणार काय? 'नीट'चा सगळा घोटाळाही तिने सांगून टाकला. चमचे अडकवायच्या रेडिओतून आता गाणी ऐकू येत होती. आलेल्या बायका माना डोलवत होत्या. सामान पोचवायला आलेला दुरुस्तीवाला मागे उभा होता. शिट्टी झाली, वाट्या फिरल्या.

"छान आहे," मागून आवाज आला. "फक्त मीठ विसरलात."

हॉल खदखदून हसला. रागाच्या भरात ती खरंच मीठ विसरली होती.

अध्यक्षबाई मात्र खूश. "वर्ग देते," त्या म्हणाल्या, "पण दोघांना मिळून. त्यांनी दुरुस्त करायचं, जे होणार नाही त्याचं तुम्ही काहीतरी करायचं. मान्य?"

तिने तोंड उघडायच्या आत तोच पुढे आला. "नको बाई. डोकं त्यांचं, मेहनत त्यांची. वर्ग त्यांनाच द्या. मी मध्ये आलो की घोटाळेच होतात." आणि तो निघूनही गेला.

आता खरं तर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिने एका वाटीत मीठ घातलं, ढवळलं, आणि वाटी घेऊन तरातरा रस्ता ओलांडला.

"न विचारता जायचं कशाला?"

तो दचकला. "तुम्ही चिडला होतात म्हणून..."

"चिडलेच आहे! रात्रभर जागायला सांगितलं होतं कोणी?"

"कोणी नाही." तो टेबलावरचा स्क्रू उगाच फिरवत राहिला. "काल जाताना तुम्ही हसलात. वाटलं... एवढं केलं तर सकाळी पुन्हा हसाल."

या माणसावर रागवायचं तरी कसं? धड भांडूसुद्धा देत नव्हता.

"काय वैताग आहे!" ती म्हणाली. "म्हणजे आता आयुष्यभर मी तुमच्यावर चिडतच राहायचं?"

"आयुष्यभर...?"

तिने जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता. कान तापले, आणि समोरचा माणूस तर दुकानातल्या पंख्यासमोर बसूनही घामाघूम झाला होता.

"शनिवारी दहाला यायचं," ती वाटी पुढे करत म्हणाली. "उशीर चालणार नाही."

"आणि बाकीचे सहा दिवस?"

"आधी खा. निवतंय."

त्याने वाटी धरली. तिने मात्र ती सोडली नाही.