सूर्याआडचे सोळा दिवस

मंगळ सूर्यामागे जायला तीन तास उरले होते आणि लोणारच्या मंगळ जलशोध केंद्रात सकाळपासून कुणी धड जेवलेही नव्हते. भिंतभर पसरलेल्या समपटावर शेवटच्या आकृत्या चढत होत्या. समपट म्हणजे सगळ्यांनी मिळून काम करायचा फळा. त्याची एक बाजू इथे लोणारला होती, दुसरी मंगळावरच्या ठाण्यात. इथे इरावती ढोले काही लिही, ते तिकडे नझीर पटवेकरला दिसे. तो उत्तर लिही, ते इथे उमटे. फक्त मधल्या अंतरामुळे हल्ली एका खेपेला एकवीस मिनिटे लागत. तीन वर्षे दोघांनी असेच काम केले होते. इरावती विहिरीची गणिते करायची, नझीर आणि त्याचे दोन सहकारी तिकडे खोदायचे. खडकाखाली चारशे दहा मीटरवर खाऱ्या पाण्याचा साठा होता आणि छिद्र दोनशे सत्तरपर्यंत पोहोचले होते.

आता सूर्य मध्ये येणार होता. सोळा दिवस एकही संदेश पलीकडे जाणार नव्हता.

“सोळा दिवस काम बंद ठेवणं परवडणारं नाही,” इरावती म्हणाली. “तिकडचा पाण्याचा साठा संपत आलाय.”

“म्हणून तर पूरक,” सुहासिनी गवई म्हणाली. समपट तिनेच बांधला होता. “तीन वर्षांत तुम्ही दोघांनी समपटावर जे जे केलं, त्यावरून मी तुमच्या जागी काम करणारे दोन पूरक प्रोग्रॅम तयार केलेत. तुझा पूरक मंगळावर काम करील, नझीरभाईंचा इथे. तू काही विचारलंस तर नझीरभाई काय म्हणाले असते, ते तो म्हणेल. चाचणीत खऱ्या माणसात आणि पूरकात शंभरात चार गोष्टींची तफावत आली.”

“म्हणजे तो माझी मतं शिकलाय.”

“मतं नाही, कामाची रीत. कुठे घाई करतेस, कुठे खोडतेस, बोट कुठे किती वेळ थांबतं, सगळं. आधी मी थांबे काढून टाकले होते. पण मग समोर माणूस बसलाय असं कुणालाच वाटेना, म्हणून परत घातले.”

तेवढ्यात समपटावर नझीरचे अक्षर उमटले. तो मूळचा दाभोळचा. त्याच्या अक्षराला होडीसारखा बाक होता. “मॅडम, आता तुमच्या पूरकाबरोबर काम. तो तरी माझ्याशी कमी भांडेल अशी आशा. भेटू सूर्याच्या पलीकडे.”

इरावतीने उत्तर लिहिले, पण ते पोहोचले की नाही हे कळायच्या आत फळ्यावरची संपर्काची पट्टी राखाडी झाली. दुसऱ्याच क्षणी, लिहिणाऱ्याची खूण म्हणून, एक हिरवे बोट फळ्यावर हलू लागले आणि त्याच बाकदार अक्षरात लिहू लागले, “चला, कामाला लागू.” ते बोट नझीरच्या पूरकाचे होते.

पहिले आठ दिवस झपाट्याचे गेले. उत्तराला बेचाळीस मिनिटे थांबायची सवय झालेल्या इरावतीला आता क्षणात उत्तर मिळत होते. ती विचारी, पूरक सांगे, ती खोडी, तो वाद घाली. जे काम महिन्याला व्हायचे ते आठवड्यात होऊ लागले. घरी जाताना पाय जमिनीवर नसल्यासारखे वाटत.

नवव्या दिवशी दुपारी ती आणि सुहासिनी सरोवराच्या रस्त्यावर गोटी सोडा प्यायला गेल्या. गाडीवाल्याने अंगठ्याने गोटी दाबली तसा फेस उसळून इरावतीच्या मनगटापर्यंत आला. ती हात पुसायचे विसरून तशीच उभी राहिली.

“काय झालं?” सुहासिनीने विचारले.

“बाटली बंद असताना यात एकही बुडबुडा दिसत नव्हता.”

“दाबाखाली वायू विरघळलेला असतो. दाब गेला की सुटतो.”

“खालचं पाणी आपल्या हवेच्या तीसपट दाबाखाली आहे, सुहासिनी. आणि मंगळाच्या हवेत सोड्यातलाच वायू भरलेला आहे. मी गणितात विरघळलेला वायू शून्य धरलाय.”

दोघी धावतच केंद्रात परतल्या. इरावतीने तासाभरात गणित पुन्हा मांडले. साठ्याला छिद्र पडताच पाणी फेसाळून सुटणार होते. वर तोंडाशी नुसते हलके झाकण होते, तेही इरावतीच्याच गणितावर विसंबून बसवलेले. खोदकामाची शेड निवासघुमटाला चिकटून होती आणि घुमटात तीन माणसे राहत होती. रोज बारा मीटर या वेगाने छिद्र बाराव्या दिवशी साठ्यापर्यंत जाणार होते.

तिने समपटावर लिहिले, “खोदकाम थांबवा. जाड झडप बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.”

हिरवे बोट लगेच हलले. “थांबवलं. झडप बसवतो.”

खोलीतल्या कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. इरावतीने मात्र खुर्चीची पाठ घट्ट धरली. “हा नझीर नाही,” ती म्हणाली. “खऱ्या नझीरला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्यासमोर माझा पूरक बसलाय, आणि तो त्याला खोदत राहा म्हणत असणार.”

“तुझा पूरकही तुझ्यासारखाच विचार करतो,” सुहासिनी म्हणाली. “तुला चूक सापडली, तर त्यालाही सापडेल.”

“मला सोड्याच्या बाटलीत सापडली. त्याला सोडा कोण पाजणार?”

सुहासिनीने खुर्ची पुढे ओढली. “पाहता येईल. मंगळावर गेलेल्या तुझ्या पूरकाची प्रत माझ्याकडे आहे. नझीरभाईंचाही पूरक इथे आहे. दोघांना एका कोऱ्या फळ्यावर बसवू आणि पहिल्या दिवसापासून काम करू देऊ. वेग वाढवला तर सोळा दिवस दहा मिनिटांत होतील.”

त्यांनी तो खेळ एकदा नाही, चाळीसदा चालवला. मध्यरात्रीपर्यंत चाळीस फळे भरले. कधी नझीर चिडला, कधी एक यंत्र बिघडले, कधी काम दिवसभर मागे पडले. पण चाळीसही वेळा छिद्र चारशे दहावर पोहोचले तेव्हा तोंडाशी तेच हलके झाकण होते.

इरावतीने निकाल दोनदा वाचला. “पूरक माझी चूकही हुबेहूब शिकलाय,” ती म्हणाली.

पुढचे सात दिवस ती केंद्रातच राहिली. मोठ्या अँटेनावरून दर दहा मिनिटांनी एकच वाक्य सूर्याच्या दिशेने जात होते, ‘खोदकाम थांबवा, झडप बसवा.’ सूर्याच्या गोंगाटातून एखादा तुकडा तरी सुटेल, अशी आशा होती. बारावा दिवस उजाडला आणि मावळला. समपटावर पूरक नझीर सुखरूप होता, झडप बसवल्याचे सांगत होता, तिला विनोदही ऐकवत होता. तिने त्याला उत्तर देणे थांबवले. मग तिला वाटले, हेही बरोबर नाही, आणि तिने थोडक्यात लिहिले, “ठीक.”

सोळाव्या दिवशी सकाळी साडेदहाला राखाडी पट्टी हलली. सूर्याच्या कडेवरून पहिली लहर आली होती. समपटाने दोन्हीकडची कामे एकमेकांवर ठेवून जुळवायला सुरुवात केली आणि फळा लाल होत गेला. जिथे पूरकाचा अंदाज चुकला तिथे लाल, असा नियम होता. तफावत शंभरात वीस झाली, चाळीस झाली, एकसष्टवर थांबली.

“एवढी तफावत कधीच नव्हती,” सुहासिनी पुटपुटली. “तिकडे काहीतरी वेगळंच घडलंय.”

पहिला आकडा आला. खोली चारशे दहा मीटर.

इरावती उठून उभी राहिली. तिच्या मागे सगळी खोली उभी राहिली. दुसरी ओळ यायला आठ-नऊ सेकंद लागले असतील. साठ्याचा दाब तीसपट. तिसरी ओळ आली. जाड झडप, बंद, गळती नाही. आणि मग बाकदार अक्षर उमटले, “मॅडम, पाणी मिळालं. फेसाळ आहे, पण निवळलं की गोड करता येतंय. तिघेही ठणठणीत. तुम्ही कशा आहात?”

खोलीत जो कल्ला झाला त्यात कुणीतरी इरावतीला मिठी मारली. कोण होते ते तिला कळलेही नाही. ती फळ्याजवळ गेली होती आणि लाल ओळी मागे मागे वाचत होती. खोदकाम सहाव्या दिवशी थांबले होते. तीन दिवस झडप बसवण्यात गेले होते.

“सहाव्या दिवशी,” ती म्हणाली. “मला नवव्या दिवशी कळलं. त्यांना सहाव्या दिवशी कसं कळलं?”

तिने तोच प्रश्न मंगळाकडे धाडला. बेचाळीस मिनिटांनी नझीरचा आवाज आला.

“मला कुठे कळलं, मॅडम? कळलं ते तुमच्या पूरकाला. तीन वर्षं तुमची पानं माझ्याकडे पुरी होऊन यायची. तुम्ही लिहिताना कधी दिसला नाहीत. आता पहिल्यांदाच तुमचं बोट समोर हलताना पाहिलं. रोज हिशेब तपासताना ते एका ओळीवर यायचं आणि अडायचं. ‘विरघळलेला वायू शून्य.’ अर्धा अर्धा मिनिट तिथेच, मग पुढे. सहाव्या दिवशी मी विचारलं, मॅडम, इथे काय अडतंय? तर तुमचा पूरक म्हणाला, हा आकडा मी सोयीसाठी धरलाय, मनाला पटलेला नाही, कुणी विचारलं असतं तर पुन्हा मांडला असता. मी म्हटलं, विचारतोय, मांडा.”

सुहासिनीने कपाळावर हात मारला. “चाळीसही वेळा मी वेग वाढवला होता. वेग वाढवताना थांबे वगळले जातात. पूरक नझीरभाईंना ते दिसलेच नाहीत.”

इरावतीने आपली जुनी पाने उघडायला लावली. समपटाने तीन वर्षांच्या नोंदीतून तिच्या बोटाचे थांबे काढून दिले. त्या एका ओळीवर ती एकशे बारा वेळा थांबली होती. तिला त्यातला एकही थांबा आठवेना. सोड्याच्या बाटलीने तिला नवे काही सांगितलेच नव्हते. तिचेच मन कधीपासून सांगत होते आणि ती त्याला पुढे ढकलत होती.

इरावती एकदम वळली. “सुहासिनी, नझीरच्या पूरकाचे थांबे काढ. इथे माझ्यासमोर तो सोळा दिवस बसला होता. तो कुठे थांबत होता?”

यादी लहान होती. खोदकामाच्या ओळींवर नझीरचा पूरक क्वचितच थांबला होता. पण दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने भरायची एक ओळ होती, ‘प्रकृती.’ तिथे त्याचे बोट रोज एकोणीस-वीस सेकंद थांबले होते, आणि रोज त्याने लिहिले होते, ‘उत्तम.’

“पूरकाला विचारू या?” सुहासिनी म्हणाली. “आत्ता उत्तर मिळेल.”

“नको. माणूस आहे तिकडे, त्यालाच विचारू.”

तिने लिहिले, “नझीरभाई, प्रकृतीच्या ओळीवर काय अडतंय?”

एकवीस मिनिटे जायला, एकवीस यायला. बाहेर सगळे पेढे वाटत होते. इरावती जागची हलली नाही. पट्टी उजळली तेव्हा नझीरचा आवाज मघासारखा खणखणीत नव्हता.

“मॅडम, तुम्हाला वेळ आहे का? असला तर सांगतो. नसला तरी सांगतो, कारण तुमचं उत्तर यायला पाऊण तास जाईल आणि तोवर माझा धीर जाईल. चार महिने झाले, डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. आता तिसरंही व्हायला लागलंय. बोललो असतो तर मला यंत्रावरून उतरवलं असतं, आणि पाणी हाताशी आलं होतं…”

इरावतीने आवाज थांबवला नाही. ऐकता ऐकताच तिने सुहासिनीला डॉक्टरांना बोलवायची खूण केली आणि दुसऱ्या हाताने कोरे पान पुढे ओढले.